साथ आली की 'ऑनलाइन करा' म्हणणाऱ्यांनो, आधी होस्टेलची टाकी बघा

टाकीवाला:
काल एकाने ठोकून दिलं, 'साथ आली की होस्टेल रिकामं करा, तीन आठवडे ऑनलाइन घ्या, विषय संपला.' खरा विषय तिथून पुढे सुरू होतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते) पेशंट वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारे, जुलाब लावणारे जंतू सापडले. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. आधी जुलाब होतात, ते विसरायच्या बेताला, साधारण एक ते तीन आठवड्यांनी, पायाला मुंग्या येतात, जिना चढताना गुडघा दगा देतो. म्हणजे आज ज्या पोराला एसटीत बसवून गावी धाडलंत, त्याचे पाय तिकडे लुळे पडणार. आयव्हीआयजी (यावरचं अँटिबॉडीचं इंजेक्शन) आणि व्हेंटिलेटर तालुक्याच्या दवाखान्यात आहेत का?

नियमावली:
एका साथीवरून सगळ्या साथींचा कायदा करू नका. २०२० ला टाकी धुवून कोरोना गेला असता का? हवेतून पसरणारा रोग, एका खोलीत तीन कॉट, मेसला रांग. तिथे गर्दी कमी करणं हाच उपाय. आणि कॉलेजच्या हातात असतं तरी काय? ६ जुलै २०२० ला यूजीसी म्हणाली, अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याच. राज्य म्हणालं, नाही. २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तारीख पुढे न्यायची तर यूजीसीकडे जा, पण परीक्षेशिवाय पदवी नाही. तोवर पोरं लटकलेली. टाकीवर निबंध लिहून वेळापत्रक लागत नसतं.

पेठकर:
तुम्ही दोघं विद्यापीठाच्या कंपाउंडच्या आतच फिरताय. सदाशिव-नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, अभ्यासिकेत दिवस काढणारी पोरं कुणाची? मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, पोरं शास्त्री रोडवर उतरली, तेव्हा ती सगळ्यांना दिसली. त्यांच्या कूलरचं पाणी कोण तपासतं?

टाकीवाला:
नियमावली, हवेच्या साथीचं मान्य, घ्या. पण पाण्याच्या साथीत तुमचं ऑनलाइन म्हणजे अपेंडिक्सला आयोडेक्स. मेस चालू ठेवून करायचं काय, ते सांगतो. दहा हजार लिटरच्या टाकीला चांगल्या प्रतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, २५ ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी टाकीत ओतायची. गाळासकट ओतली की तोट्या चोंदतात आणि वॉचमन दुसऱ्या दिवसापासून टाकायचंच बंद करतो. मग अर्धा तास थांबायचं. पोतं उघडं राहिलं की टीसीएलचा दम जातो, मग २५ ग्रॅम काय नि ५० काय, म्हणून ओटी टेस्ट: पाण्यात ओटीचं द्रावण टाकायचं, क्लोरिन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो. टाकीपाशी नाही, सगळ्यात लांबच्या, वरच्या मजल्यावरच्या नळाला. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन हवा, साथीत ०.५.

पिवळी नळी:
ओटीचं द्रावण टाकून पाच मिनिटं रंगाची वाट बघणारे महाभाग मी रोज बघतो. रंग लगेच वाचायचा. उशीर केला तर पाण्यातल्या घाणीशी बांधला गेलेला, कमजोर क्लोरिनही पिवळा दिसतो आणि रजिस्टरला 'ठीक' पडतं. आणि तपासलेलं पाणी पुन्हा भांड्यात ओतू नका, ते पिण्याचं राहत नाही.

नियमावली:
आता सगळ्या होस्टेलांत आरओ आहे. तुमची टीसीएल १९८० सालची.

पिवळी नळी:
घ्या! आरओमधला कार्बन फिल्टर क्लोरिन आधीच काढून टाकतो. मेंब्रेनमधून पाणी चांगलं निघतं, पण पुढे ते कूलरच्या स्टीलच्या टाकीत पडून राहतं, राखणीला काही नाही. वर साखळीला बांधलेला पेला, शंभर तोंडं. त्या टाकीला आतून बोट लावून बघा, बुळबुळीत लागतं. साथीत कूलर रिकामा करा, घासा, क्लोरिनच्या पाण्याने अर्धा तास भरून ठेवा, धुवून काढा. पेला तोडा.

पेठकर:
पेल्याचं म्हणालात ते शंभर टक्के! अभ्यासिकेत महिना हजार-दीड हजार घेतात आणि पेला एक.

नियमावली:
पेला, पेला, पेला. परीक्षेबद्दल विचारलं होतं.

टाकीवाला:
परीक्षेबद्दलच बोलतोय. मेसमध्ये वाढणारा माणूस जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास घरी बसला नाही, तर हॉल तिकिटं छापून उपयोग नाही. आणि ठिकठिकाणी सॅनिटायझरच्या बाटल्या टांगून फोटो काढणाऱ्यांना सांगा, नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी. ज्या होस्टेलच्या बेसिनला साबण नाही, तिथे 'दक्षता' म्हणून परिपत्रक लावायचं, हा आपला पराक्रम.

नियमावली:
बरं बाबा, साबण ठेवा. आजारी पोराला परीक्षेची दुसरी तारीख आधीच जाहीर करा, हजेरीचा ७५ टक्क्यांचा दंडुका तेवढे आठवडे बाजूला ठेवा. म्हणजे तो जुलाब लपवून मेसमध्ये बसणार नाही. हे तुमच्या टीसीएलने होत नाही, परिपत्रकानेच होतं.

टाकीवाला:
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर माझी बोटं वाचली असती.

पेठकर:
आणि आमची अभ्यासिका? तिथे ना हजेरी, ना परिपत्रक.

पिवळी नळी:
ओटीची बाटली घ्या, उद्या सकाळी कूलरच्या नळाला लावा. पिवळं आलं नाही तर मालकाला फोटो पाठवा, त्याच्या खाली बाकीच्यांना सह्या करायला लावा.