छोट्या कामाचे एवढे पैसे का? तुमचे अनुभव लिहा

मांडवीकाठ
सकाळी फोन आला. "जत्रेची पत्रिका, गेल्या वर्षीचीच. तारीख आणि चार नावं बदलायची, दोन मिनिटांचं काम." पणजीच्या प्रेसमधले सुरुवातीचे दिवस आठवले. तेव्हाही हेच ऐकायचे. फाईल जुन्या फॉण्टमधली असते. युनिकोडमध्ये घेतली की रफार सरकतात, जोडाक्षरं तुटतात. मग अख्खी पत्रिका ताडून वाचायची. देवस्थानच्या पत्रिकेत महाजनाचं, म्हणजे देवळाच्या मानकऱ्याचं, नाव चुकून कसं चालेल? त्यात दुरुस्त्या येणार व्हॉट्सॅपवर, बोलून, प्रत्येकाच्या वेगळ्या. तारीख बदलायला दोन मिनिटंच लागतात, पैसे बाकीच्याचे असतात. तुमच्याकडे कसं?

जास्वंद
छपाईचंही सांग ना ताई. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा लागतातच, १०० प्रती काढा नाहीतर २०००. रंग जुळेपर्यंत कागद जातो तो वेगळा. "थोड्याच हव्यात, कमी करा" म्हणणाऱ्याला मी सरळ बिनप्लेटच्या डिजिटलवर काढायला सांगते.

खाजन
मी इलेक्ट्रिशियन. चोडण बेटावर एक पंखा बसवायचा. काम अर्ध्या तासाचं, पण जाताना फेरीबोटीची रांग, येताना रांग. पंख्याचा रॉड आखूड निघाला तर परत बाजार. सकाळ गेली. त्या सकाळी दुसरं गिऱ्हाईक घेता येत नाही, हे कुणी धरतच नाही.

अबोली
आता रायबंदरहून चोडणला रो-रो, ती गाड्या थेट चढणारी मोठी फेरीबोट, आहे ना दादा?

खाजन
आहे, जुलै २०२५ पासून. गाड्या जास्त मावतात, बरं झालं. वेळ तरी जातोच बाय.

कुळागर
मामलेदाराकडे द्यायचे मुंडकारीचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतल्या राहत्या घराच्या हक्काचे, अर्ज लिहून देतो. "एक पान तर आहे!" त्या एका पानासाठी १-१४चा उतारा (आपल्या गोव्याचा सातबारा) बघायचा, सर्व्हे नंबर ताडायचा. वडिलांचं नाव जुन्या कागदावर पोर्तुगीज वळणाचं, आधारवर भलतंच. घराचा प्रश्न असतो हो, घाईत कसं लिहू?

शेवंती
कुळागर, अगदी खरं. आमच्या आजीच्या नावाचे तीन प्रकार आहेत, अजून निस्तरतोय.

म्हापसेकर
आई ब्लाऊज शिवते. "जरा सैल करून द्या" हे सगळ्यात त्रासाचं काम. आधी जुनी शिवण उसवायची, आत कापड शिल्लक आहे का बघायचं, मग शिवायचं. लोक तिच्या हातात वीस रुपये ठेवतात. फार वाईट वाटतं.

अबोली
आईंना नमस्कार सांगा 🙏 शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला आले की भेटते.

जास्वंद
मध्येच विचारते, एका कंपनीने माझ्या ४ हजारांच्या बिलातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापला. बरोबर आहे?

हिशोबनीस
व्यावसायिक फी असेल तर एप्रिल २०२५ पासून एका गिऱ्हाइकाकडून वर्षाला ५० हजारांपर्यंत कापायची गरज नाही, आधी ३० हजार होते. वर्षाची बेरीज त्यावर गेली असेल तर कापणार. आयकर खात्याचा २६एएस (तुमच्या नावे जमा कराचा तक्ता) बघा, जमा दिसली तर रिटर्नमध्ये दावा करता येतो. हे सगळं बघायला लागणारा वेळही ४ हजारांतच धरलाय ना तुम्ही?

जास्वंद
नाही धरला कधीच 😔 आजच बघते.

शेवंती
मी लोगो करते. अर्धे पैसे आधी, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या त्यात, तिसरीपासून वेगळे. हे ठरवल्यापासून कामं थोडी कमी झाली, पण पैशासाठी मागे लागावं लागत नाही.

मांडवीकाठ
आधीच लिहून देतेस की बोलतेस फक्त?

शेवंती
लिहूनच, पहिल्याच निरोपात. आता लेकीला शाळेतून आणायचंय, त्या निरोपाचा मजकूर संध्याकाळी इथे टाकते.