मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ, तरी वाक्यात अडतं

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण नागपुरातच बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमाची. सध्या बँकेच्या परीक्षांची तयारी करतेय आणि इंग्रजीत मार्क जातात. सोपे शब्द तिला येतात. घोडं अडतं ते मधल्या पातळीवर, युरोपीय मोजपट्टीत जिला बी१-बी२ म्हणतात तिथे.

तिच्या वहीत दोन रकाने आहेत. रिलक्टंट म्हणजे नाखूश, अबंडंट म्हणजे मुबलक, इनेव्हिटेबल म्हणजे अटळ. विचारलं की धडाधड सांगते. पण आमच्याकडे 'हितवाद' हे इंग्रजी दैनिक येतं (१९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी नागपुरात सुरू केलेलं), त्याचा अग्रलेख तिला झेपत नाही. 'अॅड्रेस द इश्यू' असं काही आलं की पत्ता आणि अंक हेच अर्थ आठवतात, प्रश्नाला हात घालणं हे सुचतच नाही. मेहनतीत ती कुठेच कमी नाही, म्हणूनच फार वाईट वाटतं.

इथे बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, शब्दयाद्यांची पुस्तकं ढिगाने मिळतात, पण त्यातही एका शब्दाला एकच अर्थ. मराठी माध्यमातून आलेल्यांनी वही कशी ठेवली? इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश आत्ताच घ्यावा का? आणि उजळणी कशी करावी?

प्रतिसाद:

ताई, सुटा शब्द लिहिणं आधी थांबवा. 'रिलक्टंट टू स्पीक', 'अॅड्रेस अ प्रॉब्लेम' असा अख्खा तुकडा लिहायचा, खाली तिचं स्वतःचं एक वाक्य. परीक्षेतल्या क्लोज टेस्टमध्ये (उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नात) शब्दाच्या मागेपुढे काय येतं हेच तपासतात. सोबत रिलक्टन्स, रिलक्टंटली ही भावंडंही एकाच पानावर.

शब्दकोश जरूर घ्या, पण लर्नर्स डिक्शनरी. तिच्यात अर्थ ठरावीक सोप्या शब्दांत देतात, बी१ वाल्याला वाचता येतात.

उजळणीला लाइटनरची पेटी वापरा, १९७२ पासूनची पद्धत आहे. चिठ्ठ्या करून खोक्यात कप्पे पाडायचे. बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, ती उशिरा बघायची. चुकलेली परत पहिल्यात. मोबाइलवर हवं असेल तर अंकी हे अॅप याच तत्त्वावर चालतं, अँड्रॉइडवर फुकट आहे. मात्र तयार यादी उतरवून घेऊ नका, चिठ्ठ्या तिनेच लिहाव्यात.

वहीतले दहाएक शब्द इथे टाका, त्यांचे तुकडे करून देतो.