शब्दचर्चा : प्रायश्चित्तकाळ, उपवासकाळ, की आणखी काही?

चैत्रपान :
नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामाचं मराठी पत्रक गेली काही वर्षं मी लिहिते. धर्मग्राम म्हणजे पॅरिश, एका चर्चभोवतीची सगळी कॅथलिक कुटुंबं. यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आहे, महाशिवरात्रीनंतर तीनच दिवसांनी, आणि ईस्टर ५ एप्रिलला. मधले दिवस छेचाळीस. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. ईस्टरआधीच्या या उपास-प्रार्थनेच्या चाळीस दिवसांना इंग्रजीत लेंट म्हणतात. मराठीत काय म्हणावं?

आजवर आम्ही ‘प्रायश्चित्तकाळ’ छापत आलो. मागच्या वर्षी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर कॉलेजात शिकणारी एक मुलगी पत्रक हातात धरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मावशी, आपण एवढं काय केलंय?” तिचा सूर उद्धट नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. तेव्हापासून तो शब्द लिहिताना हात अडतो. माझी आजी नुसतं ‘उपासाचे दिवस’ म्हणायची. या काळात मी जे अनुभवलं आहे ते या दोन्ही शब्दांत मावत नाही. जाणकारांनी मदत करावी.

धातुपाठ :
ताई, आधी शब्दाची बाजू मांडतो, कारण त्याच्यावर अन्याय होतो आहे. प्रायश्चित्त म्हणजे शिक्षा नव्हे. ‘प्राय’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय, अशी जुनी स्मृतिकारांची फोड आहे. तपाला निश्चयाची जोड मिळाली की ते प्रायश्चित्त. आता ही फोड व्याकरणाच्या कसोटीवर किती टिकते ते बाजूला ठेवा. लोकांनी शब्द कसा समजून घेतला ते तिच्यातून दिसतं, आणि त्यात अपराधापेक्षा निर्धार पुढे आहे. दंड बाहेरून होतो, प्रायश्चित्त माणूस स्वतः घेतो. ‘प्रायश्चित्त घेणे’ हेच मराठीतलं क्रियापद आहे.

जाता जाता शुद्धलेखन. प्रायश्चित्त आणि पश्चात्ताप, दोन्हींत त जोडलेला आहे. ‘पश्चाताप’ पाहिलं की फार वाईट वाटतं. पश्चात् म्हणजे मागाहून, आणि ताप.

चैत्रपान :
धातुपाठकाका, ही फोड मला माहीत नव्हती. त्या मुलीला नक्की सांगेन. पण तिच्या कानावर हा शब्द आला तो ‘भोगा आता प्रायश्चित्त’ असाच आला असणार. मालिका, बातम्या, भांडणं, सगळीकडे तो तसाच वापरतात. स्मृतिकारांचा अर्थ पत्रकाच्या तळाशी टीप म्हणून छापला तर किती जण वाचतील?

वसईचा वारा :
आमच्याकडे वसईत दोन्ही चालतात, प्रायश्चित्तकाळही आणि उपवासकाळही. गोव्याच्या कोकणीत ‘कोरेझ्म’ म्हणतात. तो पोर्तुगीजांच्या ‘क्वारेज्मा’वरून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘चाळिसावा’ आहे. म्हणजे त्या भाषांनी फक्त दिवस मोजले. इंग्रजीची गंमत वेगळी. लेंट हा शब्द जुन्या इंग्रजीत वसंत ऋतूचा होता. थंडी सरून दिवस लांबू लागतात तो काळ. उपास, पाप, चाळीस यांपैकी काहीच त्या शब्दात नाही.

आणि आपल्याकडे हे दिवस येतात कधी? फाल्गुन-चैत्रात! यंदा गुढीपाडवाही याच काळात आहे, १९ मार्चला. पुण्यात टेकडीवर काटेसावर आणि पळस फुललेले असतात, पिंपळाला तांबूस पालवी येते. शब्दाला ऋतू देणं आपल्याला इंग्रजीपेक्षा सोपं जायला हवं होतं.

पेठेतला :
मी ख्रिस्ती नाही, पण क्वार्टर गेटजवळच राहतो. नाना पेठेतल्या सिटी चर्चवरून रोज जाणं-येणं आहे. १७९२ साली सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी जागा दिली, त्या जागेवरचं हे चर्च. तेव्हा परकेपणानं विचारत नाही. त्या बुधवारी संध्याकाळी लोक कपाळावर राखेची खूण घेऊन बाहेर पडताना बघतो. आमची आजी रोज भस्म लावायची. मग तुम्ही ‘भस्म’ का म्हणत नाही? ‘राख’ ऐकलं की ‘राख झाली’ आठवतं, सगळं संपल्यासारखं.

चैत्रपान :
दादा, फार चांगला प्रश्न. ‘भस्म बुधवार’ म्हणणारे आमच्यातही आहेत, पण मला ‘राख’च हवी. कारण सांगते.

ही राख कशाची असते? ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, आशीर्वादित झावळ्या मिळतात. त्या आम्ही घरी नेतो आणि क्रुसामागे किंवा तसबिरीमागे खोचून ठेवतो. वर्षभरात त्या वाळून पिवळ्या होतात. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी चर्चमध्ये त्या गोळा करतात, जाळतात, आणि तीच राख कपाळावर लागते. म्हणजे गेल्या वर्षी हातात धरून ‘होसान्ना’ असा जयजयकार करत मिरवलेला हिरवेपणाच या वर्षी राख होऊन येतो. भस्म म्हटलं की ते आधीच पवित्र वाटतं. राख मात्र चुलीतली असते, आपली असते. आमची आजी राखेनं भांडी घासायची आणि कोथिंबिरीच्या वाफ्यावर टाकायची. तिच्या हातात राख म्हणजे शेवट कधीच नव्हता.

राख लावताना धर्मगुरू दोनपैकी एक वाक्य म्हणतात. एक, ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’. दुसरं, ‘पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा’. पहिलं बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं, दुसरं येशूचं, मार्कच्या शुभवर्तमानातलं, म्हणजे मार्कनं लिहिलेल्या येशूचरित्रातलं. शहरात ‘माती झाली’ म्हणजे वाटोळं झालं. शेतकऱ्याच्या घरात माती म्हणजे पेरायची जागा. आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं आहे, त्यामुळे ते वाक्य मला कधी भीतीचं वाटलं नाही.

धातुपाठ :
ताई, त्या दुसऱ्या वाक्यातल्या ‘पश्चात्ताप’वर थांबू या. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोईया’. त्याचा अर्थ मन बदलणं, विचाराची दिशाच बदलणं. आपला पश्चात्ताप मागे बघतो आणि जळतो. त्यात पुढे जाणं नाही. ‘मनःपरिवर्तन’ जवळ जातं, पण सरकारी वाटतं. ‘मनपालट’ कसा वाटतो? पालट हा अस्सल मराठी शब्द आहे. हवापालट, पीकपालट, खांदेपालट. एकाच जमिनीत तेच पीक घेत राहिलं तर जमीन थकते, म्हणून पालट करतात.

केडगावची :
पुणे जिल्ह्यातून आणखी एक आवाज. हा वाद चारशे वर्षांचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयांनी (जेझुइटांनी) येशूची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण ओव्यांत रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. त्यांनी स्वर्गाला बिनधास्त ‘वैकुंठ’ म्हटलं. लोकांच्या ओठांवरचा शब्द उचलायचा आणि त्यात नवा अर्थ भरायचा, ही त्यांची रीत. दुसऱ्या टोकाला आमच्या केडगावच्या पंडिता रमाबाई. संस्कृत त्यांच्याइतकं कोणाला येत होतं? तरी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करताना त्यांनी जड संस्कृत शब्द मुद्दाम टाळले. बाजारात, विहिरीवर बायका जी मराठी बोलतात ती त्यांना हवी होती. ते काम संपवून त्या ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि बायबल १९२४ साली छापून झालं. यंदाचा ईस्टर नेमका ५ एप्रिललाच आहे, हे तुमची पहिली नोंद वाचताना लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

त्या कॅथलिक नव्हत्या, त्यामुळे तुमच्या पत्रकाचा प्रश्न त्यांना पडला नसता. पण ‘त्या मुलीला कळतं का?’ एवढंच त्यांनी विचारलं असतं असं मला वाटतं.

वसईचा वारा :
केडगावताई, अगदी. दोन ख्रिस्ती मराठी आहेत हेही यातून दिसतं. आम्ही कॅथलिक क्रूस म्हणतो, तुम्ही प्रॉटेस्टंट वधस्तंभ. आमचा स्नानसंस्कार, तुमचा बाप्तिस्मा. ‘क्रूस’ पोर्तुगीजांकडून आला खरा, पण शुक्रवारी संध्याकाळी ‘क्रुसाची वाट’ करताना तो परका राहत नाही. येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची चौदा स्थानं, प्रत्येकापुढे गुडघे टेकायचे आणि पुढे चालायचं. ‘वाट’ या शब्दानं त्याला मराठी केलं. ‘मार्ग’ म्हटलं असतं तर इतकं आपलं झालं नसतं.

पेठेतला :
उपवासाबद्दल राहिलंच. तुमच्यात साबुदाणा चालतो का?

चैत्रपान :
चालतो की, पण साबुदाण्याचा मुद्दा नसतो. राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोनदा थोडंसं. हा नियम अठरा ते एकोणसाठ वयासाठी. या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. बाकी कुणी चहा सोडतं, कुणी मोबाईल. पण उपवासाबरोबर प्रार्थना आणि दानधर्म हे दोन्ही येतातच. यशया संदेष्टा तर स्पष्ट विचारतो, की भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं, हाच खरा उपास नाही का? म्हणून आमच्याकडे वाचलेले पैसे घरातल्या एका डब्यात टाकतात आणि ईस्टरला तो डबा चर्चमध्ये देतात.

उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. ‘उपवास’ची ही फोड मला आवडते. पण ‘उपवासकाळ’ म्हटलं की लोक पोटापाशीच थांबतात.

आणखी एक शब्द आहे, त्यावर मी फार अडले. इंग्रजी पत्रकात असतं, की हा काळ आशेचा आणि ‘रिन्यूअल’चा आहे. त्याला ठरलेलं मराठी ‘नूतनीकरण’. ईस्टरच्या आदल्या रात्री अंधारात मोठी मेणबत्ती पेटते, तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात, आणि आपण स्नानसंस्काराची वचनं पुन्हा उच्चारतो. त्या क्षणाला आम्ही छापतो ‘वचनांचे नूतनीकरण’. नूतनीकरण परवान्याचं होतं, विम्याचं होतं. त्या रात्री माझं जे होतं त्याला हा शब्द मी लावू शकत नाही.

धातुपाठ :
‘आशे’चंही तेच दुखणं आहे. आपल्या परंपरेत आशा म्हणजे बहुधा पाश. आशा ही अशी विलक्षण साखळी आहे की तिनं बांधलेला धावत सुटतो आणि सुटलेला पांगळ्यासारखा बसून राहतो, असं एक सुभाषितच आहे. आशाळभूत, आशेला लागणे, कुठंच मान नाही. ‘उमेद’ फारसीतून आली. ती मात्र माणसाची स्वतःची असते, म्हणून ती खचते. तुम्हाला हवा तो अर्थ मला ‘भरवसा’त दिसतो. भरवसा नेहमी कोणावर तरी असतो, एकट्याचा नसतो. आणि हो, संस्कृतात ‘आशा’चा एक अर्थ दिशा असाही आहे. मघाच्या मन वळवण्याशी तो जुळतो.

नगरची माती :
मी इथं फारसं लिहीत नाही, पण वाचून राहवलं नाही. राखेच्या बुधवारी बायबलमधल्या योएल संदेष्ट्याचं वाचन असतं ना, ‘पूर्ण मनानं माझ्याकडे वळा, कपडे नका फाडू, हृदय फाडा’, ते. तिथला मूळ हिब्रू शब्द परत फिरण्याचा आहे, असं आमच्या फादरांनी प्रवचनात सांगितलं होतं. आमच्या गावाकडे याला शब्द आहे : माघारी येणं. ‘माघार’ घेतली म्हणजे हरला. पण ‘माघारी आला’ म्हणजे घरी आला. एका अक्षराचा फरक. आणि सासरहून माहेरी आलेल्या लेकीला आमच्याकडे माघारीण म्हणतात. माघारीण आली की तिला कोणी विचारत नाही, इतके दिवस का आली नाहीस. आधी पाय धुवायला पाणी देतात.

चैत्रपान :
नगरदादा, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

वडील गेले तेव्हा मी चर्चमध्ये जाणं सोडलं. चार वर्षं. राग होता, कुणावर ते सांगता आलं नसतं. एका वर्षी राखेच्या बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी जाताना बस चर्चसमोर थांबली आणि मी उतरले. का, ते आजही माहीत नाही. मिस्सा सुरू झाली होती. शेवटच्या बाकावर आमच्या वाड्यातल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, बाकावर जरा सरकल्या आणि एवढंच म्हणाल्या, “आलीस माघारी? बस.” राख लावून घेतली आणि त्यांच्या शेजारी रडत बसले. पुढच्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला त्यांनीच मला हात धरून नेलं. त्यांचे गुडघे टेकत नव्हते. प्रत्येक स्थानापुढे त्या बाकाला धरून उभ्या राहायच्या. त्या काळात मला काही मोठं समजलं नाही. फक्त एकटी नव्हते. त्यानंतर काही वर्षांनी मी पत्रक लिहायला घेतलं.

तो शब्द त्यांनी तेव्हाच दिला होता, आणि मी इतकी वर्षं शब्दकोशात शोधत होते.

फादरांशी काल बोलले. ‘प्रायश्चित्तकाळ’ उपासनेतला रूढ शब्द आहे, तो काढायचा नाही, असं त्यांचं म्हणणं आणि ते मला पटलं. धातुपाठकाकांची फोड त्याच्याखाली एका ओळीत येईल. ईस्टरच्या रात्रीसाठी ‘वचनांचे नूतनीकरण’ काढून ‘वचने पुन्हा नव्याने’ असं लिहिलं आहे. बरं सुचलं तर अजून सांगा, ते पान मार्चअखेर छापायला जाईल. आणि आत्ताच्या पत्रकाच्या पहिल्या पानावर, वरती, मोठ्या अक्षरांत :

राखेचा बुधवार, १८ फेब्रुवारी. संध्याकाळी मराठी मिस्सा.
माघारी या.