शब्दचर्चा : 'बाळसं उतरलं' म्हणजे नेमकं काय झालं?

माझ्या मुलीला परवा दोन वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सासूबाई तिला न्हाऊ घालून बाहेर आल्या आणि पंच्याने डोकं पुसता पुसता म्हणाल्या, "बाळसं उतरलं गं हिचं." मी गॅसवर दूध ठेवलं होतं, त्यामुळे पुढचं काही ऐकलं नाही, पण तेवढं वाक्य मनाला लागलं. रात्री तिच्या लसीकरणाचं कार्ड काढून बसले. मागच्या वर्षी ९.१ किलो आणि ७४ सेंमी, यंदा ११.४ किलो आणि ८६ सेंमी. सगळंच चढलंय, मग उतरलं काय?

दुसरा प्रश्न त्याला लागूनच आहे. ती आता तान्ही नाही आणि शाळकरी व्हायला अवकाश आहे. या मधल्या वयाच्या मुलाला मराठीत काय म्हणतात? आम्ही घोडबंदर रोडला राहतो, तिथल्या एका पाळणाघराच्या पाटीवर देवनागरीत 'टॉडलर ग्रुप' असं लिहिलंय. ते वाचताना दर वेळी वाटतं, आपल्याकडे याला शब्द असणारच, मलाच तो सापडत नाहीये.

एक फरक मला स्वतःला जाणवला तो सांगते. मागच्या वर्षी तलावपाळीला ती कठड्याला धरून चार पावलं चालली होती, ती दुडूदुडू. परवा संध्याकाळी तिथेच बोटिंगच्या दिशेने निघाली ती तुरुतुरु. तेच मूल, तीच फरसबंदी, पण आता दुडूदुडू म्हणवत नाही. कुणाला या दोन शब्दांतला फरक नीट सांगता येईल का?

प्रतिसाद, नौपाडा

ताई, मनाला लावून घेऊ नका. बाळसं उतरणं हे दुखणं नाही. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या जवळजवळ तिप्पट होतं, आणि ते सगळं गालांवर, मनगटांवर, मांड्यांच्या वळ्यांमध्ये दिसतं. ते बाळसं. दुसऱ्या वर्षात वजन साधारण अडीच किलोच वाढतं, उंची मात्र १२ सेंमीच्या आसपास. म्हणजे मूल भरायचं थांबतं आणि ताणलं जातं. तुमच्या कार्डावरचे आकडे नेमकं हेच सांगताहेत. त्यात चालायला लागलं की दिवसभर पाय थांबत नाहीत. माझी आई म्हणायची, "बाळसं कुठं गेलं नाही, पायात गेलं."

शब्द म्हणून एक गंमत बघा. 'धरणे' हे क्रियापद बाळशाला इतकं चिकटलंय की एखादी नवी संस्था जरा उभी राहिली की आपण लिहितो, 'संस्थेने आता बाळसं धरलं आहे'. पण संस्थेचं बाळसं उतरलं असं कुणी लिहीत नाही. उतरण्याचा मान फक्त लेकरांचा.

प्रतिसाद, खारघर

मी मूळ नागपूरची. 'तान्हा' या शब्दाबद्दल थोडं. शहरात तो फक्त दूधपित्या बाळाला लावतात, पण त्याची व्याप्ती मोठी आहे. जिच्या अंगावर मूल पितंय ती बाईसुद्धा तान्ही, जिच्यामागे वासरू आहे ती गाय तान्ही. आणि आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्यात लाकडी बैलाची दोरी धरून निघणारी पोरं तीन, पाच, आठ वर्षांचीही असतात. ती काही अंगावर पिणारी नव्हेत. तेव्हा तुमच्या लेकीला विदर्भात अजून बरीच वर्षं तान्ही म्हणता येईल. माझा मुलगा पहिल्यांदा तो बैल ओढत निघाला तेव्हा दीड वर्षाचा होता. इथे खारघरला आम्ही गॅलरीतच तान्हा पोळा करतो, सोसायटीतली चार मुलं येतात.

प्रतिसाद, सीवूड्स

मधल्या वयाला आमच्या घरचा शब्द 'कडेवरचं'. मोठा शाळेत जातो, मधली चालती-बोलती आहे आणि धाकटं कडेवरचं, अशी वाटणी. मांडीवरचं म्हणजे अगदी लहान, कडेवरचं म्हणजे मान आणि पाठ दोन्ही सावरणारं, आणि बोट धरून चालणारं त्याच्या पुढचं. वय वर्षांत न मोजता आईच्या अंगावर ते कुठे आहे त्यावर मोजायचं.

प्रतिसाद, कोपरी

दुडूदुडूच्या आधी 'लुटूलुटू' पण आहे, विसरू नका. लुटूलुटू चालणारं मूल पडणार हे आपल्याला माहीत असतं. दुडूदुडूमध्ये 'ड' जड आहे, पावलाचा सगळा तळवा एकदम जमिनीवर बसतो, पाय फाकलेले, हात वर. तुरुतुरुमध्ये जीभसुद्धा टोकावर चालते. खार तुरुतुरु पळते, ती कधी दुडूदुडू पळत नाही. मुलाची टाच आधी टेकायला लागली की शब्द बदलतो, असं माझं निरीक्षण.

प्रतिसाद, ऐरोली

चालण्याचं झालं, बोलण्याचंही सांगतो. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. हिवाळ्यात त्याला ठाणे खाडीतले फ्लेमिंगो दाखवायला ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने नेलं होतं. मी ठरवून मराठी नाव शिकवलं, रोहित. तो म्हणाला, "लोहित." शेजारच्या बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "बोबडकांदा आहे अगदी!" घरी येऊन कोश उघडला. संस्कृतात रोहित म्हणजे तांबडा, आणि लोहित म्हणजेही तांबडाच. 'रलयोरभेदः' असं जुने लोक सांगत आलेत, र आणि ल यांत भेद मानू नये. म्हणजे ज्याला आम्ही बोबडं समजत होतो तो अस्सल शब्द निघाला. तेव्हापासून मी त्याचं बोलणं दुरुस्त करायची घाई करत नाही.

मूळ लेखिका

ऐरोलीचे दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे अगदी असंच झालंय. मुलीला सांभाळायला येणाऱ्या मावशी कोलशेत गावातल्या, आगरी. त्या 'पानी' म्हणतात, 'डोला' म्हणतात, हिला 'बाला' म्हणून हाक मारतात. मुलगीही 'पानी' म्हणायला लागली तेव्हा एका नातेवाईक बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की भाषा बिघडतेय, लक्ष दे. मी तेव्हा गप्प बसले, याचं मला अजून वाईट वाटतं. आज बोलते. एक तर 'ण' आणि 'ळ' हे ध्वनी बऱ्याच मुलांना उशिराच जमतात, कुणीही सांभाळलं तरी. आणि दुसरं, पाणी हा शब्द आला संस्कृत 'पानीय'वरून, म्हणजे मुळात तिथे 'न'च होता. माझ्या लेकीची आणि मावशींची जीभ त्या जुन्या 'न'वर आहे, आपली पुढे 'ण'वर गेली. यात बिघाड कुठला?

सीवूड्सच्या ताईंचा 'कडेवरचं' मी घेतला. मुलीच्या शब्दांमध्ये सध्या तो आहेच. दमली की दोन्ही हात वर करून नुसतं "कडे!" म्हणते.

नौपाड्याच्या काकूंनी 'धरणे' काढलं आणि मी दोन दिवस त्याच विचारात आहे. पहिल्या वर्षाचे शब्द आठवून बघा. तीन-चार महिन्यांचं बाळ मान धरतं. मग बाळसं धरतं. आधार धरून उभं राहतं, बोट धरून चालतं. सगळं धरणं. रोपाने मूळ धरावं तसं. आणि हे जे सरलं ते दुसरं वर्ष? त्याचं क्रियापद 'फुटणे' आहे. बोल फुटले. पाय फुटले, म्हणजे आता ही एका जागी सापडत नाही. पालवी फुटते, कोंभ फुटतो, पूर्वेला तांबडं फुटतं, आईला पान्हा फुटतो. काच फुटते तेव्हा काहीतरी संपतं, आणि त्याच क्रियापदाने इतकं सगळं सुरू होतं. एक वर्षाची असताना ती 'आई', 'भूभू' आणि 'ता' इतकंच म्हणत होती, आणि 'ता' कशाला म्हणायची ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही. आता दोन शब्द जोडते. "बाबा भुर्र." "नको मंमं." "आजी कुते?" माझं मोजणं पन्नासाच्या पुढे गेल्यावर सुटलं.

आणि हो, एक धरणं याही वर्षात आलंय. हट्ट धरते.

प्रतिसाद, नौपाडा

फुटण्याच्या यादीत तोंडही घाला. "तोंड फुटलं की हिला!" असं आम्ही बडबड्या मुलांना म्हणतो. दात मात्र येतात, ते कधी फुटत नाहीत. पुढे पंख फुटतील, तेव्हा हेच क्रियापद आया जरा वेगळ्या सुरात वापरतात.

प्रतिसाद, वाशी

एक प्रश्न. दूध सोडवण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? आमच्याकडे 'अंगावरचं तोडलं' म्हणतात. मला तो शब्द फार कठोर वाटत होता. माझी मुलगी वीस महिन्यांची असताना तोडलं, तीन रात्री रडली, मीही रडले. त्या तीन रात्रींनंतर तो शब्द बरोबर वाटायला लागला.

मूळ लेखिका

वाशीच्या ताई, आमच्याकडेही 'तोडणं'च म्हणतात. सौम्य शब्द मीही शोधला होता. 'सुटलं' म्हणून पाहिलं, पण सुटणं आपोआप होतं, आणि हे आपोआप झालं नव्हतं.

आज सकाळी धीर करून सासूबाईंना विचारलं, "त्या दिवशी बाळसं उतरलं म्हणालात, ती वाळलीय असं वाटतं का तुम्हाला?" त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं बाजूला ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, पुढचं ऐकलं नाहीस का? बाळसं उतरलं, आता हाडपेर दिसायला लागलं म्हटलं मी. खांदे बघ जरा तिचे. अगदी ह्यांच्यासारखे आहेत."

सासरे जाऊन चार वर्षं झाली. मी बाहेरच्या खोलीत गेले, ती खिडकीशी पाठमोरी उभी होती, आणि मी कितीतरी वेळ तिच्या खांद्यांकडे बघत राहिले.