मदत हवी आहे: शिंपल्यांची पिल्लं माशावरून सुटतात, पण आठवडाभरही जगत नाहीत

नमस्कार मंडळी. मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून राहिलो आहे. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात लहानपणी पाय टाकला की शिंपला लागायचा. आता ढिवर (मासेमार) काकांना दिवसभर चाचपून दहा मिळतात. म्हणून हाच गोड्या पाण्यातला शिंपला, लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, प्रयोगशाळेत वाढवायला घेतला.

आधी मी समुद्री शिंपल्यांची पद्धत वापरली. त्यांचं बीज पाण्यातच फळतं, एक-दोन दिवसांत अळीला कवच येतं, मग ती पोहत मोठी होऊन तळाशी बसते. आपल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची मादी अंडी कल्ल्यांतच वाढवते. तिच्या ग्लोकिडियम अळीला माशाचे कल्ले किंवा पर धरावेच लागतात, नाहीतर ती थोड्याच दिवसांत मरते. हे कळण्यात माझा अख्खा हंगाम गेला.

यंदा अळ्यांच्या थेंबात मिठाचा कण टाकला, बहुतेक सगळ्या झटकन मिटल्या, म्हणजे जिवंत होत्या. रोहूची बारा बोटुकली (बोटाएवढे लहान मासे) त्या पाण्यात सोडली. बाराव्या दिवसापासून पिल्लं सुटू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली पाय काढून सरकताना दिसली, तेव्हा रात्री अकराला सरांना फोन केला! पण सातव्या दिवशी एकही हलत नव्हतं.

ट्रेमध्ये दोन बोटं रेती आहे. बोअरचं पाणी रोज घरच्या तांब्याच्या गडव्याने थोडं थोडं बदलतो. खाद्य म्हणून तलावाचं हिरवं पाणी कापडातून गाळून देतो. लाईन चार-चार तास जाते, तेव्हा एअर पंप बंद. नक्की कशामुळे मरत असतील? आणि पुढच्या वेळी हेच मासे चालतील का?

प्रतिसाद:
गडवा आजच बाजूला ठेवा. तांबं या पिल्लांना अगदी कमी मात्रेतही मारतं. रेतीही जास्त आहे, खाली कुजून अमोनिया होतो. एवढी लहान पिल्लं पायाने तळावरचे कण ओढून खातात, त्यामुळे तलावाच्या बारीक गाळाचा अगदी पातळ थर पुरे. तो गाळ आधी चाळा, चपटकृमी आले तर पिल्लं खाऊन टाकतात. मासे मात्र नवे घ्या. एकदा अळ्या लागून गेलेल्या माशात प्रतिकार तयार होतो, पुढच्या अळ्या नीट टिकत नाहीत.

धागाकर्ता:
दादा, आत्ताच रेती उकरली. खालून काळी निघाली, वासही आहे. प्लास्टिकचा मग आणला. ढिवर काका उद्या नवीन बोटुकली देतो म्हणाले. अमोनिया तपासायची किट तालुक्याला कुठे मिळेल?