वेलची ओळखणारं नाक व्हिस्कीपुढे फसलं. नाक गेलं की पद्धत चुकली?

मसालेवाला_नेरूळ
वय ४४. वीस वर्षं वाशीच्या मसाला मार्केटमध्ये. वेलची यंदाची की गेल्या सालची, डोळे मिटून सांगतो. तेल काढून घेतलेली लवंग चिमटीत चोळली की कळते. आणि शनिवारी याच नाकाने माझी पार शोभा केली.

कॉलेजचा मित्र स्कॉटलंडहून आयला बेटावरची सिंगल माल्ट व्हिस्की (एकाच भट्टीतली, फक्त मोड आणलेल्या बार्लीची) घेऊन आला. माझा आजवरचा अनुभव म्हणजे गावातल्या हळदीला सोडा-बर्फ घालून दोन पेग. याने गॅलरीत बसवलं, बर्फ परत आत ठेवायला लावला आणि बॅगेतून पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळते असे दोन ग्लास काढले. म्हणाला, आधी वास घे. मी धण्याचं सॅम्पल हुंगतो तसं नाक खुपसलं आणि जोरात ओढलं. झिणझिण्या थेट टाळूपर्यंत, डोळ्यांत पाणी. हा आपला शांतपणे, "लिंबाची साल येतेय बघ. मागून व्हॅनिला. आणि समुद्राचा खारटपणा."

मला एकच वास आला: लहानपणी गुडघा फुटल्यावर लावायचे ते टिंक्चर आयोडीन! समुद्र मात्र मी मान्य केला, पण आत बोंबील तळणं चालू होतं, त्यामुळे तो समुद्र ग्लासातला नव्हता असा दाट संशय आहे.

अर्धी बाटली माझ्याकडे ठेवून गेलाय, पुढच्या महिन्यात परत बसायचंय. माझं नाक बाद झालं, की ही मंडळी मनाचं सांगतात?

घोडबंदरकर
नाक शाबूत आहे. ४० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असताना जोरात ओढलंत तर आधी तेच झोंबणार. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर आणा.

टिंक्चरही बरोबरच ओळखलंत. मोड आणलेली बार्ली वाळवताना तिला पीटचा धूर देतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेला, अर्धवट कुजलेला झाडपाला. त्या धुरातल्या फिनॉल्स नावाच्या रसायनांचा तो दवाखानी वास. लफ्रॉइग, आर्डबेग, लागावुलिन, या धुरकट व्हिस्क्या सगळ्या त्याच बेटावरच्या. पहिल्याच दिवशी असली पाजणारा मित्र म्हणजे पोहायला शिकवतो म्हणून खाडीत ढकलणारा. आधी गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स घ्या, तिच्यात धूर नाही.

उपवनची_ताई
पाणी घातलंत का? साधं, फ्रीजमधलं नको, चमच्याने चार थेंब. धुराचा वास देणारा ग्वायकॉल नावाचा रेणू अल्कोहोल जास्त असलं की आत गुंतून राहतो, पातळ केलं की पृष्ठभागाकडे सरकतो. स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये हे संगणकावर मांडून दाखवलं. बर्फाने उलट वास दबतो, मित्राने तो आत पाठवला ते योग्यच. आणि हो, बोंबील आधी संपवा.

ओकचं_पिंप
मालक, लिंबाची साल मित्राची आहे, तुम्ही ती कशाला शोधताय? तुमच्या दुकानातल्या शब्दांत बोला. मोठी वेलची भट्टीवर धुरातच वाळवतात ना? मग एका हातात ती, दुसऱ्या हातात ग्लास, आळीपाळीने हुंगा. आणि लवंगेला वास देणारं जे युजेनॉल असतं तेच, व्हिस्की मुरते त्या आतून जाळलेल्या ओकच्या लाकडी पिंपातूनही थोडं उतरतं. व्हॅनिलाही त्या लाकडाचाच. लवंग ओळखणाऱ्याने हार मानायची नाही.

मसालेवाला_नेरूळ
काल रात्री जेवणाआधी बसलो. सिक्कीमची मोठी वेलची फोडून तळहातावर, ग्लासात मोजून चार थेंब पाणी. टिंक्चर गेलं नाही, पण बाजूला सरकलं. त्याच्यामागे धूर, तो थेट मोठ्या वेलचीच्या सालीचा. दाण्याचा नव्हे, सालीचा! व्हॅनिलाचं मात्र मी शपथेवर सांगणार नाही. लवंग तीनदा शोधली, नाही सापडली.

एवढ्यात बायको आली, ग्लास उचलून एकदाच हुंगला आणि म्हणाली, "दगडफूल भाजताना करपलं की येतो तो वास." परत हुंगलं. दगडफूलच. मी रोज पोत्यांनी विकतो ते.

मित्राला रात्रीच कळवलं, येताना तिसरा ग्लास आण.