मेल येतो पण जात नाही? आधी पोर्ट २५ बघा
स्वतःच्या मेल सर्व्हरवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्राम), डव्हकॉट (आलेला मेल वाचायला देणारा प्रोग्राम) नीट बसलंय, मेल आत येतो पण बाहेर जात नाही म्हणताय ना, मग कॉन्फिग परत परत बदलू नका, आधी मेलक्यू (अडकलेल्या मेलची रांग, म्हणजे क्यू, दाखवणारी कमांड) चालवून बघा. प्रत्येक मेलखाली ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसत असेल तर बहुतेक बाहेर जाणारा पोर्ट २५ (एका मेल सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जायची वाट) होस्टिंगवाल्यानेच बंद ठेवलाय, स्पॅममुळे बरेच जण ठेवतात. माझे दोन दिवस यातच गेले, मेन डॉट सीएफची (पोस्टफिक्सची कॉन्फिग फाइल) ओळ न् ओळ तपासली आणि चूक तिथे नव्हतीच. त्यांच्याकडून पोर्ट उघडून घ्या, नाहीच उघडला तर रिलेहोस्ट (आपले मेल पुढे पोचवणारा दुसरा सर्व्हर) लावून पोर्ट ५८७ वरून पाठवा. अडकलेले मेल पोस्टफिक्स एरवी ५ दिवस धरून ठेवतो, त्यामुळे घाबरून क्यू अजिबात साफ करू नका, पोर्ट उघडला की ‘पोस्टफिक्स फ्लश’ ही कमांड मारा, अडकलेले मेल परत पाठवायला घेतो.